छबुबाईंच्या डब्यातला बिघाड

४ डिसेंबर

नवे बोर्ड आले. दिल्लीहून, हिंदी पेपरात गुंडाळलेले. चिपवरची अक्षरं घासून काढलीत, आणि मूळ कंपनीचं नाव छापताना त्यातलं एक अक्षर खाल्लंय. आई काउंटरवरून वाकून बघत म्हणाली, "ह्याच्यापरीस आपला बांगड्यांचा माल नीट येतो की."

पुण्यात असते तर असले बोर्ड परत पाठवले असते. पण पुण्यातली कंपनी बंद पडली, सोबतचे पांगले, आणि 'हाक' सांभाळणारी मी एकटी उरले. तीही शिरूरला, आईच्या बांगड्या-स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत. इथे या कामाचं बोलायला कुणी नाही, म्हणून हे लिहिणं.

'हाक' म्हणजे एक डबा. दोन मोठी बटणं, स्पीकर, दिवा. घरची माणसं ऊसतोडीला गेली की मागे जे म्हातारे राहतात त्यांच्यासाठी. बटण दाबलं की ठरलेल्या नंबरला फोन लागतो. लागला की हिरवा दिवा, तुटला की लाल. आत जुन्या साध्या मोबाईलचंच पोट आहे. त्याला चालवणारं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, आम्ही ज्या डेव्हलपमेंट बोर्डावर लिहिलं, तो बोर्ड आता निघत नाही. नकला निघतात. नकलेवर आमचं जुनं फर्मवेअर चालतं, पण कधी कुठे अडेल सांगता येत नाही. मूळ बोर्ड फोन का तुटला त्याचं कारण तरी सांगायचा. नकली बोर्ड सगळ्याला एकच उत्तर देतो, तुटला.

परमेश्वर सरांच्या संस्थेने असे डबे तालुकाभर वाटलेत. आज त्यांचा फोन आला. माळावरच्या वस्तीवर छबुबाई म्हणून आहेत, त्यांचा डबा बोलता बोलता बंद पडतो म्हणे. "जाऊन बघा जरा. पुढच्या वर्षीची मंजुरी घ्यायचीय, तक्रार नको मागे."

६ डिसेंबर

वस्तीवर जाऊन आले. निम्म्या दारांना कुलपं. एक शेळी माझ्या गाडीमागे उगाच चालत आली.

छबुबाई साठीच्या पुढच्या, काटक. डबा देवळीत ठेवलाय, खाली धुतलेलं फडकं अंथरून. थोरला मुलगा भारत आणि सून वनमाला दरसाल तोडीला जातात. धाकटा अंगद यंदा पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेला. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यानं पळायचा, बूट घ्यायचे होते त्याला.

"एक दाबलं की भारत, दोन दाबलं की मी, असं अंगदनंच शिकिवलं मला," त्या म्हणाल्या.

"मग दोन लागतं का?"

"न्हाई लागत. फोन फुटला त्याचा, भारत म्हनला. पन एक लागतं की. भारत उचलतो, आई म्हनतो. मी म्हनते, अंगदला दे. की झाला डबा मुका."

माझ्यासमोर त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा. "आई?" असा पुरुषाचा आवाज आला, स्वच्छ.

"भारत, अंगद हाय का रं जवळ? दे त्याला."

लाल.

"बघ. असं व्हतंय."

शेजारचे बंकटमामा दारात येऊन उभे होते. म्हणाले, "डबाच खराब हाय बाई. घेऊन जा तुमी. दुसरा बी देऊ नका." छबुबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला जरा रागच आला. वापरायच्या आधीच लोक नको म्हणून मोकळे होतात. मी म्हटलं, "आजी, मी नीट करून देते. माझीच वस्तू आहे ही."

त्यांनी मला जाताना मूठभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

११ डिसेंबर

बिघाडाचा माग लागतोय असं वाटतं. फोन नेमका आजी बोलायला लागल्या की तुटतो. त्या मोठ्यानं बोलतात. मोठा आवाज झाला की या नकली बोर्डावर वीज कमी पडत असणार आणि आतला मोबाईल गप्प होत असणार. मूळ बोर्डात यासाठी वीज साठवून धरणारा एक मोठा कपॅसिटर होता, यात जागा आहे पण वस्तूच बसवलेली नाही.

दुपारी खोलीत तसाच डबा मांडला, दुसऱ्या टोकाला माझा फोन ठेवला आणि आजींसारखं ओरडून बघितलं. "भारत! अंगदला दे! अंगदला दे!" वेगवेगळ्या पट्टीत. एकदाही तुटला नाही.

आई आत आली. तोंड उतरलेलं. "ते नाव घेऊन वरडू नको दुकानात."

"कावून? कुणाला काय त्रास?"

"गिऱ्हाईक हाय बाहेर," म्हणाली. मग जरा थांबून, "तू त्या म्हातारीच्या डब्याच्या नादी लागू नको, रुद्राणी. दुसरं काम बघ." बाहेर वस्तीकडच्याच दोन बायका बांगड्या भरत होत्या, त्या न घेताच उठून गेल्या. आईला माझ्या कामाची लाज वाटते, हे मला आज पहिल्यांदा कळलं. रात्री ताट खोलीत नेऊन जेवले.

१७ डिसेंबर

कपॅसिटर बसवला, तरी तेच. अख्खा बोर्ड बदलला, तरी तेच. आज वस्तीवर आजींना म्हटलं, दुसरं काहीतरी बोलून बघा. त्यांनी भारतला शेळी व्याल्याचं सांगितलं. चांगलं चाललं होतं. दोन करडं झाली, एक पांढरं. मग म्हणाल्या, "अंगदला सांग पांढरं त्याचं." लाल.

म्हणजे आवाजाचा प्रश्न नाही. वेळेचा असेल. ठराविक वेळ झाली की तुटत असेल.

आजींना मी सोमवारपर्यंत नक्की करते म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू लई खटपट करतीस पोरी. भारत तसा न्हाई. डब्याचंच कायतरी हाय." तीन-तीनदा म्हणाल्या.

२४ डिसेंबर

कारण सापडत नाही. इतक्या वर्षांत असा बिघाड पाहिला नाही, जो माझ्या टेबलावर एकदाही होत नाही आणि तिथे दर वेळी होतो. हे फर्मवेअर आम्ही तिघांनी लिहिलं. दोघांना विचारलं. एकानं "अजून ते जिवंत आहे?" एवढंच उत्तर पाठवलं.

कारण नाही सापडलं तर इलाज तरी करावा. फोन लागून लगेच तुटला तर डबा स्वतःहून परत लावेल, असं लिहिते आहे. तुटला की परत. बोलणं पुरं होईपर्यंत परत परत.

२ जानेवारी

झालं! आज वस्तीवर नवं फर्मवेअर चढवलं. आजींनी बटण दाबलं. "आई?" "अंगदला दे रं." लाल. आणि आपोआप हिरवा. "आई, मी फडात हाय..." लाल. हिरवा. "आई, नंतर..." लाल. हिरवा. तिकडून नुसता श्वास ऐकू आला. लाल. हिरवा. नकली बोर्ड एकदाही अडला नाही. शेवटी तिकडून उचलणंच थांबलं.

मी आनंदानं आजींकडे बघितलं, तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "बास," म्हणाल्या. "बास कर त्याला."

थकल्या असतील. बंकटमामा तर आधीच उठून गेले होते. परमेश्वर सरांना संध्याकाळी कळवलं, तक्रार मिटली.

६ जानेवारी

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. डब्याच्या मागे माझा नंबर चिकटवलेला असतो, तो ओळखीच्या कुणाकडून तरी मिळवला असावा.

"हाक-डबा नीट करनाऱ्या बाई तुमीच का?"

"हो. कोण?"

"वनमाला. छबुबाईची सून. तुमी डबा नीट केला का?"

"हो, परवाच," मी म्हटलं. कौतुकच असेल असं मला वाटलं.

"कशापायी केला?"

मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. ती ओरडत नव्हती, म्हणून मला नीट ऐकावं लागलं.

"अंगद न्हाई आता, बाई. दिवाळी होऊन पंधरा दिस झालते तवा. फडातून ट्रॉली काढताना पलटी झाली. तो वर मोळ्यांवर बसलता. हितंच अग्नी दिला. गाव लांब हाय म्हनला मुकादम. आत्याबाईला सांगायचं कुनी? ह्यांच्या तोंडातून निघंना. आत्याबाईचा फोन आला की हे उचलतात, न्हाई उचलला तर आई घाबरंल म्हनून. अंगदचं नाव निघालं की कापतात. आता तुमचा डबा कापूच दिना. सारखं वाजतंय. परवा ह्यांनी फोन पान्याच्या पिंपात टाकायला धरलता, मी हिसकून घेतला."

मी खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"पट्टा पडला, कारखाना बंद झाला की आमी येतो. पुढ्यात बसून आमच्या तोंडानं सांगू. तवर तेवढा डबा खराबच ऱ्हाऊ द्या. पाया पडते."

संध्याकाळी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"समद्यांनाच माहीत हाय. बाजाराला बाया येतात, बोलतात. वस्तीवर बी माहीत हाय. एक तीच सोडून."

"मला कावून नाही सांगितलंस?"

आई बांगड्यांचे डबे रचत होती. थांबली नाही. "तुला खोटं बोलता येत न्हाई. तू रोज तिच्यापुढं बसनार. तुझं तोंड बघून तिला कळलं असतं."

मी दुकानात ओरडत होते ती दुपार डोक्यातून जात नाही. आणि परवाची. लाल, हिरवा, लाल, हिरवा. मी हसत होते.

९ जानेवारी

आज वस्तीवर जाऊन डबा खराब करून आले.

हे काम मला जमणार नाही असं वाटलं होतं, पण जमलं. आधी नुसती वायर काढावी असं मनात आलं. मग वाटलं, कुणी उघडून बघितलं तर? म्हणून फर्मवेअरमध्येच लिहिलं. बटण दाबलं की थोडा वेळ थांबायचं, लावल्यासारखं करायचं, आणि लाल व्हायचं. फोन बाहेर जातच नाही. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात साधं फर्मवेअर.

आजी बघत होत्या. "परवा तर चांगला झाला म्हनत व्हतीस."

"नाही आजी. बोर्डच नकली आहे. नाही टिकत."

"तुला कुनाचा फोन आलता का?"

"नाही," मी स्क्रूकडे बघत म्हटलं.

"बरं."

बटण त्यांनी दाबूनही बघितलं नाही. चहा दिला. अंगदचं नाव आज एकदाही काढलं नाही, ते एक बरं झालं. मला तेवढं निभावलं नसतं.

निघताना बंकटमामांना सांगितलं, आता यातून फोन जाणार नाही, तुम्ही दिवसातून येऊन बघत जा. "बगतो," म्हणाले. त्यांनाही चालताना काठी लागते.

१४ जानेवारी

संक्रांतीची गर्दी. दिवसभर काउंटरवर आईबरोबर होते. बरं वाटलं. बांगडी हातात बसते नाहीतर बसत नाही, तिसरं काही नसतं.

२१ जानेवारी

परमेश्वर सर दुकानात आले. वस्तीवरून परत तक्रार आहे म्हणे, डबा पूर्ण बंद. बहुतेक बंकटमामांनीच कुणाला तरी सांगितलं असेल.

"मॅडम, तुम्हीच कळवलं होतं ना मिटलं म्हणून? मला एक सांगा. बिघाड त्या एका डब्यात आहे का सगळ्यांतच होणार?"

खरं सांगितलं असतं तर सर लगेच वस्तीवर गेले असते. चांगले आहेत, पण त्यांना सांत्वन करायची घाई असते. मी म्हटलं, "बोर्ड नकली आहेत सर. सगळ्यांतच होऊ शकतं."

त्यांनी नखानं खुर्चीचा हात खरवडला. "मग पुढच्या वर्षी आम्हाला हे धरता येणार नाही. इतर डबेही मार्चपर्यंतच ठेवू. तुम्हाला कळतंय ना?"

कळतंय म्हटलं.

इतर डबे व्यवस्थित चालतात. काल चकलांब्याकडच्या एका आजोबांनी नातवाशी अर्धा तास गप्पा मारल्या. याच बोर्डावर. माझ्याच फर्मवेअरवर.

आई आतून ऐकत होती. सर गेल्यावर तिनं मला जेवायला बोलावलं. ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या.

२९ जानेवारी

सकाळी बंकटमामांच्या नातीनं फोन केला. छबुबाई पडल्या.

काल थंडीत पाण्याच्या टाकीपाशी पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. तशाच सरपटत घरात गेल्या आणि डब्यापाशी बसून राहिल्या. बंकटमामांचं अंग ठणकत होतं म्हणून ते सकाळी गेलेच नाहीत. ऊन कलल्यावर गेले, तेव्हा डब्यावर लाल दिवा होता.

म्हणजे त्यांनी दाबलं होतं. हात मोडलेला असताना माझं ते सगळ्यात साधं फर्मवेअर थोडा वेळ थांबलं, लावल्यासारखं केलं, आणि लाल झालं. ठरवलं होतं अगदी तसं.

दवाखान्यात नेऊन प्लॅस्टर घालून आणलंय. मी गेले नाही. गाडी बाहेर काढली आणि परत आत लावली.

वनमालाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांना सांगते." मग म्हणाली, "तुमचा काय दोष न्हाई." मला ते ऐकवेना.

४ फेब्रुवारी

आजींनी बोलावणं धाडलं. डब्याचं सामान घेऊन ये, असा निरोप.

त्या बाजेवर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. सुरुवात केली, "आजी, त्या दिवशी डबा..."

"त्याचं जाऊ दे. त्यातलं दोन नंबरचं बटन काढून टाक."

"कावून?"

"हात असा हाय. डाव्या हातानं दाबताना चुकतं. एकच ठेव." मग जरा वेळानं, "आन् तुझ्या फोनवरून वनमालाला लाव. तुझ्याकडं नंबर आसंल तिचा."

मी तिच्याशी बोलल्याचं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

"तिला म्हनावं, भारतला सांग. आई काय बी इचारनार न्हाई. कुनाचं बी नाव काढनार न्हाई. फकस्त उचल म्हनावं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या करडांकडे बघत होत्या. आता विचारावं का, तुम्हाला कुणी सांगितलं? पण मग त्या "काय?" म्हणाल्या असत्या आणि मला सांगावं लागलं असतं. अजूनही मला नक्की माहीत नाही, त्यांना काय माहीत आहे. रात्री आई म्हणाली, म्हातारीला काय कळलंय ते समद्यांना कळलंय, तूच एकटी राहिलीस.

बाहेर जाऊन वनमालाला फोन केला. तिनं निरोप ऐकून घेतला. मग म्हणाली, "अर्ध्या घंट्यानं लावा. मी त्यांना फडातून बोलावते."

तेवढ्या वेळात काम केलं. दुसरं बटण सोल्डरचा डाग काढून सोडवलं, भोकावर आतून जाड पत्र्याचा तुकडा चिकटवला. आमचं मूळ, जुनं फर्मवेअर परत चढवलं. पहिल्यांदा बोर्ड सुरूच झाला नाही, थंडीत ही मेमरी अशी करते. तळव्यात धरून ऊब दिली, मग झाला. काढलेलं बटण मी पिशवीत टाकायला लागले तर आजींनी डावा हात पुढे केला. दिलं.

मग त्यांनी डब्याचं बटण दाबलं. हिरवा.

आधी नुसता वाऱ्याचा आवाज येत होता, तिकडचा.

"जेवला का?" आजींनी विचारलं.

"हां."

"वनमाला बरी हाय?"

"हाय."

"तिला एकटीला भारे उचलू देऊ नको. जवळ ऱ्हात जा तिच्या."

"हां, आई."

"माझा हात मोडलाय. सांगितलं का तुला?"

तिकडून "हां" आलं आणि मग आवाज फुटला. मोठा बाप्या माणूस, श्वास न घेता रडत होता. मला वाटलं आता कापणार. माझा हात डब्याकडे गेला, परत लावावा लागेल म्हणून. पण दिवा हिरवाच राहिला.

"रड," आजी म्हणाल्या. "माझ्या हातासाठी रडतोस व्हय रं? रड. लई दुखला, भारत. लई दुखला हात. रड तू."

मी उठून बाहेर आले. ओट्यावर बंकटमामा बसले होते, त्यांच्याशेजारी बसले. आतून आजींचा आवाज येत होता, हळू, सारखा, हाताबद्दलच.

"झाला का नीट?" मामांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि आतलं बोलणं थांबेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.